नाही म्हणा, पण तोंडावर म्हणा

एप्रिलचा तिसरा आठवडा, दुपारचे दीड-दोन वाजलेले, दुकानात गिऱ्हाईक कोण नव्हतं आणि आत्या आली. तासगावकडनं एसटीनं आलेली, घामाघूम, हातात फोन. एरवी आत्या आली की पिशवीत काहीतरी असतंच, बेदाणे तरी नाहीतर कांदा-लसूण चटणीचा डबा. त्या दिवशी पिशवी रिकामी होती, तेव्हाच मला वाटलं काहीतरी बिनसलंय. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "बघ बाबा ह्याला काय झालंय, सकाळधरनं उघडंना. सगळी गिऱ्हाइकं ह्यातच हायती."

फोनला काही झालं नव्हतं. बंद झालं होतं ते मेसेजिंगचं खातं. स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी, हे खातं आमच्या अटींत बसत नाही म्हणून आता वापरता येणार नाही, आणि खाली एक बटन, फेरतपासणीची विनंती करा. बास. कुठली अट, कधी मोडली, कुणी तक्रार केली, काही नाही. मी ते मराठीत वाचून दाखवलं तर आत्या म्हणाली, "आम्ही काय केलं पण?" आणि माझ्याकडं त्याचं उत्तर नव्हतं.

आत्याच्या गावात त्यांचा नऊ बायकांचा बचत गट आहे. वर्षभर हळद, चटणी, बेदाणे आणि उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, शेवया, पापड. कुरडईचं काम ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं कुरडया घालून मोकळं व्हायचं. हे सगळं त्या नऊजणी करतात आणि विक्री सगळी फोनवर, पुणे, मुंबई, डोंबिवली, कोल्हापूर. आधी ओळखीतली चार घरं होती, मग त्यांनी त्यांच्या ओळखीत नंबर दिला, असं करत करत साडेतीनशेच्या वर गिऱ्हाइकं झाली. दुकान नाही, बोर्ड नाही, जाहिरात नाही, तो एक नंबर हेच दुकान.

संध्याकाळी मी दुकान लवकर बंद करून आत्याला गाडीवर सोडायला गेलो. ओसरीवर १४ पार्सल बांधून ठेवलेली. खोक्यांवर मार्करनं लिहिलेलं, "कोथरूडच्या ताई, कुरडई २ किलो", "डोंबिवली वहिनी, पापड आणि हळद", "वाकडचे सर". एवढंच. पूर्ण पत्ते सगळे चॅटमध्ये, कारण पार्सल न्यायला कुरिअरवाला आला की आत्याची सून फोन उघडून पत्ता उतरवून काढायची, अशीच पद्धत पडलेली. पैसे मात्र सगळ्यांचे यूपीआयनं आधीच आलेले. म्हणजे १४ जणांचे पैसे घेतलेत, माल तयार आहे, आणि पाठवायचा कुठं ते माहिती नाही. आत्याला धंदा बुडायची भीती नव्हती, तिला एकच गोष्ट खात होती, ती दहादा म्हणाली, "लोकं म्हणतील पैसं घेऊन पळाली."

मला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

आता एक सांगतो. दुकानदाराला नाही म्हणायचा हक्क असतो हे मला कुणी शिकवायला नको, मी स्वतः दुकानदार आहे. सांगलीत विश्रामबागला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, १२ वर्षं झाली. मागच्या जूनमध्ये ॲडमिशनच्या गर्दीत एक गृहस्थ आले, पोराचा शाळा सोडल्याचा दाखला पुढं केला आणि हळू आवाजात म्हणाले, स्कॅन करून जन्मतारखेतला एक आकडा फिरवून द्या, ५०० रुपये देतो. मी म्हणालो, हे मी करणार नाही. का नाही? कारण हा खोटा कागद होतो, उद्या तुमच्या पोरालाच त्रास होईल, तारीख खरंच चुकली असेल तर शाळेत अर्ज करा, दुरुस्तीची पद्धत असते. त्यांनी आवाज चढवला, दोन-चार शब्द मला बोलले, मी ऐकून घेतले, दाखला त्यांच्या हातात परत दिला आणि ते गेले. पुढच्या चौकात अजून दोन झेरॉक्सवाले आहेत, तिथं गेले असतील नसतील मला माहिती नाही.

त्या रात्री तासगावहून परत येताना गाडीवर मला तो दाखलाच आठवत होता. मी नाही म्हणालो, पण समोर उभं राहून म्हणालो, कारण सांगितलं, त्यांचं ऐकून घेतलं, पुढं काय करता येईल ते सांगितलं, आणि त्यांचा कागद ठेवून घेतला नाही. आत्याच्या बाबतीत यातलं एकही झालं नाही. आणि तिचा कागद, म्हणजे साडेतीनशे गिऱ्हाइकांची यादी, १४ पत्ते, तीन वर्षांचे हिशोब, हे सगळं तिकडंच अडकून पडलं. मी त्या गृहस्थांचा दाखला ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं असतं आणि वर म्हणालो असतो की दुकान माझं आहे, तर लोकांनी माझं काय केलं असतं?

पुण्यात माझा एक मित्र सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला फोन लावला. तो चांगला माणूस आहे, मनापासूनच म्हणाला, "अरे प्रायव्हेट कंपनी आहे, फुकट वापरता, तिची मर्जी. उद्या मी माझ्या घरात कुणाला घ्यायचं ते मीच ठरवणार ना. दुसरं ॲप घ्या." आणि मग त्यानंच विचारून विचारून शोधलं की आदल्या रात्री काय झालं होतं. गव्हाचा भाव वाढला म्हणून आत्याच्या सुनेनं नवीन रेटचा एकच मेसेज सगळ्यांना एकदम पाठवला होता. साडेतीनशे जणांना एकसारखा मेसेज, त्यात निम्म्यांनी नंबर सेव्ह केलेला नाही, दोघातिघांनी ब्लॉक केलं असेल, की मशीनला वाटतं हा फसवाफसवीचा नंबर आहे. हा अंदाजच, कंपनीनं शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

मशीनला असं वाटावं याचं कारण मला कळतं. माझ्याच दुकानात एक रिटायर्ड गुरुजी आले होते, हात थरथरत होते, फोनवर आलेलं "अटक वॉरंट" प्रिंट करून द्या म्हणाले. डिजिटल अरेस्टवाले, म्हणजे पोलीस आहोत असं भासवून फोनवर पैसे उकळणारे. वॉरंटवर अशोकस्तंभ, शिक्का, सही, सगळं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, मुलाला फोन लावला, पैसे जायचे वाचले. असले नंबर तासाभरात बंद झाले पाहिजेत, आणि त्यासाठी कंपनीला आमच्या परवानगीची वाट बघायला लावणं चुकीचं आहे. ५० लाखांच्या वर मेंबर असलेल्या सोशल मीडिया कंपन्यांना २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे दर महिन्याला अहवाल काढावा लागतो, त्यात काही कंपन्या महिन्याला लाखोंनी खाती बंद केल्याचं सांगतात. त्यातली बरीचशी चोरच असणार. पण लाखांत एक टक्का जरी चुकला तरी ती हजारो माणसं झाली, आणि त्यातली एक माझ्या काउंटरसमोर घाम पुसत उभी होती.

आणि ते "दुसरं ॲप घ्या" हे बोलणं मला अजिबात पटलं नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घेऊन आलेल्या शेतकऱ्याचं एका अडत्याशी पटलं नाही तर तो पुढच्या वेळी दुसऱ्या अडत्याकडं माल लावतो, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण यार्डाचं गेटच एका माणसाच्या मालकीचं असलं आणि तो म्हणाला तुझी गाडी आत येणार नाही, का ते सांगणार नाही, तर त्याला "मग तू दुसरं यार्ड बघ" म्हणून चालेल का? खरेदीदार सगळे आत आहेत. आत्यानं दुसरं ॲप घेतलं की, दुसऱ्याच दिवशी घेतलं, त्यात तिच्या गिऱ्हाइकांपैकी ११ जण होते.

तीच आत्या एकदा विजेचं बिल भरायला विसरली होती. महावितरणची नोटीस आली, मग वायरमन येऊन सांगून गेला, मग बिल भरलं, वीज गेलीच नाही. हे वायरमनच्या चांगुलपणावर नाही चालत, वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये लिहिलंय की पैसे थकले तरी लाइन तोडायच्या आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची. आणि कलम ४३ मध्ये असं की अर्ज केलेल्या माणसाला वीज द्यायचं बंधनच आहे, तोंड बघून नाही म्हणता येत नाही. मुंबईत बऱ्याच भागात वीज खासगी कंपन्या देतात, त्यांनाही हेच लागू. म्हणजे कंपनी खासगी आहे एवढ्यावर विषय संपत नाही हे आपल्याकडं आधीपासून मान्य आहे, फक्त फोनच्या आत शिरलं की आपण ते विसरतो.

आत्याचं खातं १९ दिवस बंद होतं आणि त्या १९ दिवसांत मी रोज रात्री जेवण झालं की हेच वाचत बसायचो. वकील नाही मी, पण रोज लोकांचे अर्ज भरतो त्यामुळे नियम वाचायची सवय आहे. वाचता वाचता मी पोचलो ते आपल्या शेजारीच, मसूरला.

सांगलीहून पुण्याला रेल्वेनं जाताना कराड गेलं की मसूर लागतं, छोटं स्टेशन आहे, शेकडो वेळा तिथनं गेलोय. १९०१ साली साताऱ्याहून काही मुलं वडिलांना भेटायला निघाली होती, वडील खटाव तालुक्यात गोरेगावला सरकारी कामावर खजिनदार होते. नवीन कपडे घालून, हौसेनं रेल्वेत बसून मुलं संध्याकाळी मसूरला उतरली. वडिलांना पत्र मिळालं नव्हतं, न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरनं विचारपूस केली आणि मुलांनी आपली जात सांगितली तसा त्याचा चेहराच बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, भाड्यानं मिळणाऱ्या, पण एकही गाडीवान या मुलांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी एकजण तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. त्यातला एक मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर, जेमतेम नऊ-दहा वर्षांचे.

मी हे आत्याच्या खात्याच्या बरोबरीनं ठेवत नाही. कुठं ती यातना आणि कुठं एक बंद पडलेला नंबर, तुलना करणं सुद्धा पाप आहे. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसली. ती रेल्वे पण त्या काळी कंपनीच चालवायची, सदर्न मराठा रेल्वे. त्या मुलांना रेल्वेचं तिकीट मिळालं, डब्यात बसता आलं. रेल्वेला कायद्यानं बांधलेलं होतं, पैसे देईल त्याला न्यायचं. बैलगाडीवाल्याला कुणी बांधलेलं नव्हतं, त्याची गाडी, त्याची मर्जी. गाडी त्याची होती हे खरंच आहे. पण रात्र पडत आलेल्या स्टेशनवर त्या गाड्या सोडून दुसरं काही नव्हतं हेही खरं.

पुढं याच माणसानं राज्यघटना लिहायचं काम हातात घेतलं. कलम १५ मध्ये दुसरं पोटकलम आहे, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथं अडवता येणार नाही, आणि लोकांसाठी असलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्त्यांवर सुद्धा. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा दुकान म्हणजे नक्की काय हा प्रश्न आला. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की दुकान हा शब्द मोठ्या अर्थानं घेतलाय, अटी मान्य असतील त्याला जिथं सेवा मिळते ती कुठलीही जागा. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये मेडिकल कॉलेजच्या एका प्रकरणात हा मोठा अर्थ धरून खासगी शिक्षणसंस्थाही त्यात बसवली. मग फोनमधलं दुकान, फोनमधला बाजार यात का बसू नये, मला तरी कळत नाही. आता यात जात-धर्म अशी पाचच कारणं आहेत, "मशीनला वाटलं" हे कारण १९४८ साली कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. पण दरवाजा खासगी असला तरी तो लोकांसाठी उघडलाय ना, मग थोडा लोकांचाही झाला, हे तिथं लिहून ठेवलेलं आहे.

कोर्टं सुद्धा यात चाचपडतायत असं मला वाटलं. ३ जानेवारी २०२३ ही एकच तारीख बघा. त्या दिवशी सुप्रीम कोर्टानं एका प्रकरणात सांगितलं की थिएटर ही मालकाची खासगी जागा आहे, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे तो ठरवू शकतो, मात्र प्यायचं पाणी फुकट दिलं पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवायचं नाही. आणि त्याच दिवशी दुसऱ्या एका खंडपीठानं, कौशल किशोर प्रकरणात, चार विरुद्ध एक अशा मतांनी सांगितलं की कलम १९ आणि २१ चे मूलभूत हक्क सरकार सोडून इतरांविरुद्ध सुद्धा मागता येतात. एकाच दिवशी, एकाच इमारतीत. मला यात विरोध वाटत नाही खरं तर. समोसा बाहेरून आणू नको म्हणा, तुमचं थिएटर आहे, पण पाणी द्या. मी एवढंच म्हणतोय की ऑनलाइन दुनियेतलं पाणी कुठलं ते एकदा ठरवा.

माझ्या मते ते पाणी म्हणजे माणसानं माणसाला पाठवलेला निरोप. पेपरच्या संपादकानं माझं पत्र छापलं नाही तर मी भांडायला जाणार नाही, काय छापायचं हे त्यानं ठरवायचं. पण पोस्टमननं माझ्या घरची पत्रं टाकायचंच बंद केलं तर मी जाब विचारणार. या मोठ्या कंपन्या दोन्ही कामं करतात आणि सवलत मात्र सगळीकडं संपादकाची मागतात. कुणाचा व्हिडिओ वर दाखवायचा, कुणाचा खाली, हे तुम्ही ठरवा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये म्हटलंय की असं निवडणं-मांडणं हे त्यांचं स्वतःचं अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे, ठीक आहे, मला मान्य आहे. आत्यानं कधी म्हटलं नाही की मला वर दाखवा. तिला फक्त कोथरूडच्या ताईंना विचारायचं होतं, पत्ता परत सांगता का.

त्याच अमेरिकेत १९४६ चा एक खटला आहे तो वाचून मला किर्लोस्करवाडी आठवली. अलाबामा राज्यात चिकसॉ नावाचं गाव, अख्खं गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं, रस्ते, फुटपाथ, घरं, दुकानं सगळं. ग्रेस मार्श नावाच्या बाई तिथल्या फुटपाथवर धार्मिक पत्रकं वाटत होत्या, कंपनीनं मनाई केली, त्या हटल्या नाहीत, अटक झाली. सुप्रीम कोर्टानं निकाल त्या बाईंच्या बाजूनं दिला. मालक आपल्या फायद्यासाठी जागा जितकी लोकांना खुली करतो तितकी त्याच्या मालकीला लोकांच्या हक्कांची मर्यादा येते, असं. आपल्याकडं १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या औंध संस्थानच्या माळावर कारखान्याबरोबर गाव वसवलं, आपल्याला कंपनीचं गाव म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. कारखान्याच्या गेटच्या आत कुणाला घ्यायचं ते कंपनीनं बघावं, पण गावातल्या रस्त्यावर कुणी कुणाशी बोलायचं हे कंपनीनं ठरवलं तर आपण ऐकून घेऊ का? पण चिकसॉचा नियम तिथल्या कोर्टांनी इंटरनेटला काही लावलेला नाही, २०२० मध्ये यूट्यूबच्या प्रकरणात अपील कोर्टानं सरळ म्हटलं की सगळ्यांना खुलं असलं तरी यूट्यूब म्हणजे सरकार नव्हे.

कुणाला वाटेल हे सगळं लहान लोकांचं रडगाणं आहे. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जीचं काय झालं ते आठवा, गुजरातमध्ये वाडीनारला एवढी मोठी रिफायनरी, देशभर पेट्रोल पंप. युरोपियन युनियननं त्यांच्यावर निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टनं त्यांची सेवा थांबवली, कंपनीला स्वतःचेच ईमेल उघडता येईनात. पैसे भरलेले, भारताचा कुठला कायदा मोडलेला नाही. नायरानं दिल्ली हायकोर्टात धाव घेतली आणि मग सेवा परत सुरू झाली. त्यांच्याकडं दिल्लीतले वकील होते. आत्याकडं मी होतो.

मी काय केलं, तर आधी ते बटन दाबलं. दोन मिनिटांत उत्तर, तुमची विनंती मिळाली. दुसऱ्या दिवशी उत्तर, तपासलं, निर्णय कायम. कुणी तपासलं? नाव नाही, सही नाही. मग २०२१ चे आयटी नियम काढून वाचले, त्यात होतं की प्रत्येक कंपनीनं तक्रार अधिकारी नेमायचा, त्यानं २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निकाल लावायचा (फेब्रुवारी २०२६ पासून ही मुदत सात दिवसांची झाली). मोठ्या कंपनीनं स्वतःहून कुणाचा मजकूर काढला तर त्याला आधी कळवायचं, कारण सांगायचं, बाजू मांडू द्यायची, हेही त्यात आहे. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीत तर असं घातलं की कंपन्यांनी घटनेतल्या कलम १४, १९ आणि २१ च्या हक्कांचा मान ठेवायचा, आणि तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत अपील समितीकडं जायचं. हे वाचून मला आधार वाटला. आपल्या बाजूनं काहीतरी लिहिलेलं आहे हे कळलं की माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

तक्रार अधिकाऱ्याला मी ईमेल केला, इंग्रजीत, सोबत गटाच्या नोंदणीचा कागद, फूड लायसन्स, पार्सलचे फोटो. पोच आली. मग काही नाही. या अपील समित्यांबद्दल सुद्धा माझ्या मनात एक शंका आहे ती बोलतो, त्या केंद्र सरकार नेमतं. कुरडयांच्या नंबरसाठी ठीक आहे, पण उद्या सरकारवर टीका केली म्हणून कुणाचं खातं गेलं आणि दाद मागायची सरकारनंच नेमलेल्या समितीकडं, तर? आयटी कायद्याचं ६६अ कलम आपण बघितलंय, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं तोपर्यंत एका पोस्टवरून माणसं आत जात होती. म्हणून "सगळं सरकारच्या ताब्यात द्या" हे माझं म्हणणं नाही. कारण लिहून द्या आणि शेवटी एक जिवंत माणूस बघू द्या, एवढंच मागणं आहे. युरोपात हे चालू आहे, फेब्रुवारी २०२४ पासून तिथं खातं बंद केलं की कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावरच्या तक्रारीचा निकाल नुसत्या मशीनवर सोडता येत नाही. कंपन्या त्याच आहेत. तिथं जमतं ते इथं का जमू नये?

आणि तिसरी गोष्ट, आमचं आम्हाला परत द्या. खातं बंद करा, पण पत्ते, हिशोब, गिऱ्हाइकांचे नंबर उतरवून घ्यायला चार दिवस द्या. आपल्याकडं मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर आपलाच राहतो, २०११ पासून देशभर चालू आहे, त्या आधी कंपन्या म्हणायच्याच की हे जमणार नाही.

३० एप्रिल २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल मी प्रिंट काढून दुकानात ठेवलाय. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टी नसलेल्या लोकांना बँकेच्या ऑनलाइन केवायसीत डोळे मिचकावा म्हटलं की ते करता येत नाही, म्हणजे खातंच उघडत नाही, यावरचं प्रकरण. कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवा मिळणं हा आता जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, कलम २१. मशीनला समोरचा माणूस ओळखता आला नाही तर चूक माणसाची धरायची नाही, मी तरी त्याचा अर्थ असाच घेतला. आत्याचा प्रश्न वेगळा आहे, पण मशीनपुढं उभं राहून "मी आहे" हे पटवून देता न येणं, ते तेच.

त्या १९ दिवसांत १४ पैकी ६ जण यूपीआयच्या नावांवरनं शोधले, ३ जणांनी स्वतःच आत्याच्या सुनेला फोन केला, त्यातल्या एकीनं फार वाईट बोलून घेतलं आणि नंतर रडत माफी मागितली. एकाचे पैसे परत पाठवले. उरलेली चार खोकी तशीच ओसरीवर, कुरडयांना वास लागू नये म्हणून आत्या मधूनमधून ऊन दाखवायची आणि परत बांधून ठेवायची. विसाव्या दिवशी सकाळी खातं आपोआप चालू झालं. एक ओळ आलेली, तुमचं खातं पुन्हा सुरू केलं आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. बंद का केलं ते नाही, चालू का केलं तेही नाही. माझा मित्र म्हणाला, झालं ना, मिटलं. मला नाही मिटलं. आत्याची सून आता मेसेज पाठवताना एकावेळी पाचच जणांना पाठवते, मध्ये थांबते, आणि दर वेळी विचारते, "एवढं चालंल का दादा?" चालेल की नाही हे मला माहिती नाही, कारण नियम कुणी सांगितलेलाच नाही.

मागच्या आठवड्यात आत्या परत आली. यावेळी पिशवी भरलेली होती, बेदाणे होते, आणि खाली एक जाड वही, दोनशे पानी, वर हळदीची बोटं उमटलेली. सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, नंबर, कुणाला काय लागतं, मुलीच्या अक्षरात, गावानुसार पानं पाडलेली. म्हणाली, "पहिल्यापासनं शेवटापर्यंत झेरॉक्स काढ. दोन काढ. एक तुझ्या ड्रॉवरमधी ठेव."